दिवाणखान्यातला धंदा आणि प्राप्तिकराची मोजपट्टी

घरातून धंदा करणे ही कायद्याच्या दृष्टीने मुळीच नवी गोष्ट नाही. इंग्रज सरकारच्या १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यातही त्याची सोय होती. धंद्याच्या जागेचा काही भाग मालक राहण्यासाठी वापरत असेल, तर भाड्यातला तेवढा हिस्सा घरखर्च समजायचा आणि उरलेला धंद्याचा खर्च म्हणून मान्य करायचा. पुढे पेढी, मागे बिऱ्हाड हा तेव्हाचा सर्रास प्रकार होता. १९६१ च्या कायद्याने हीच तरतूद कलम ३८ मध्ये आणली. १ एप्रिल २०२६ पासून त्या कायद्याची जागा २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा घेतो. कलमांचे क्रमांक त्यात बदलले, या बाबतीतले तत्त्व मात्र बदललेले नाही. या लेखात जुनेच क्रमांक दिले आहेत, कारण करसल्लागारांच्या तोंडी अजून तेच बसलेले आहेत.

बदल झाला तो जागेत आणि माणसांत. पेढीमागे बिऱ्हाड असण्याऐवजी आता बिऱ्हाडातच पेढी असते. ठाण्यातल्या दोन खोल्यांत केक भाजले जातात, सांगलीत माडीवर बसून कोणी बंगळुरूच्या कंपनीसाठी भाषांतरे करते, नाशिकच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी आठवी ते दहावीच्या शिकवण्या चालतात. या सगळ्यांना एकच प्रश्न पडतो : घराचा किती खर्च धंद्याच्या नावावर टाकता येतो?

उत्तर मोजपट्टीने मिळते. समजा, घर सहाशे चौरस फुटांचे आहे आणि त्यातली एकशेवीस चौरस फुटांची खोली कामासाठी राखलेली आहे. म्हणजे घराचा एक पंचमांश भाग धंद्याचा. घर भाड्याचे असेल आणि महिना वीस हजार भाडे जात असेल, तर वर्षाच्या २,४०,००० रुपयांपैकी ४८,००० रुपये धंद्याच्या नफ्यातून वजा होतात. जागेची दुरुस्ती, मालमत्ता कर, विमा यांचीही विभागणी याच प्रमाणात. सोसायटीचा देखभाल खर्चही त्याच हिशेबाने धरतात. विजेला मात्र हे प्रमाण लावणे अनेकदा अन्यायाचे ठरते. केक करणाऱ्या बाईंच्या बिलातला मोठा वाटा एकट्या ओव्हनचा असतो, खोलीच्या आकाराशी त्याचा संबंध नसतो. अशा वेळी धंद्याच्या उपकरणांना वेगळा उपमीटर बसवून घेतला, की अधिकाऱ्याने विचारल्यावर दाखवायला आकडा हाताशी असतो.

घर स्वतःच्या मालकीचे असेल तर भाड्याची वजावट नाही. आपणच आपल्याला भाडे दिले, असे कायदा मानत नाही. मालकाने स्वतःला पगार दिल्याचे दाखवणेही तसेच बाद होते; एकट्याच्या धंद्यात उरतो तो नफा, तोच त्याचा पगार. घर नवऱ्याच्या, सासऱ्यांच्या किंवा आईच्या नावावर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे खरा भाडेकरार करून, बँकेतून, बाजारभावाने भाडे देता येते. ते घेणाऱ्याला आपल्या विवरणपत्रात दाखवावे लागते, आणि तिथे त्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. भाडे बाजारभावापेक्षा फुगवलेले दिसले, तर नातेवाइकाला दिलेली जादा रक्कम अधिकारी कलम ४०अ(२) खाली नाकारू शकतो.

आता वस्तूंकडे वळू. लॅपटॉप, ओव्हन, शिलाई मशीन, खुर्ची-टेबल यांची किंमत एका वर्षात खर्ची पडत नाही. दरवर्षी घसारा मिळतो. संगणकावर ४० टक्के, यंत्रसामग्रीवर १५ टक्के, फर्निचरवर १० टक्के, आणि तोही उरलेल्या किमतीवर. साठ हजारांच्या लॅपटॉपवर पहिल्या वर्षी २४,००० रुपये, दुसऱ्या वर्षी उरलेल्या ३६,००० वर १४,४०० रुपये, असा तो उतरत जातो. मात्र वस्तू त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली, तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच. मार्चअखेरपासून मागे मोजत गेले, की ही सीमा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येते. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला होता आणि पाडवा २२ ऑक्टोबरला. दसऱ्याला आणून त्याच दिवशी चालू केलेल्या ओव्हनला त्या वर्षीचा पूर्ण घसारा, पाडव्याच्या मुहूर्तावर आणलेल्याला अर्धा. ज्यांच्या पंचांगात दोन्ही मुहूर्त सारखेच शुभ, त्यांनी ओव्हनपुरता तरी दसरा धरावा.

रोख रकमेचा नियम याहून कडक आहे. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊन केलेला खर्च वजावटीत धरला जात नाही. यंत्र असे रोखीने घेतले असेल, तर ती रक्कम त्याच्या किमतीत धरलीच जात नाही, म्हणून घसाराही नाही. तुळशीबागेतून किंवा मशीद बंदरातून घाऊक माल आणणाऱ्या कितीतरी बायका दुकानदाराशी रोखीतच हिशेब मिटवतात. त्यांचा हा खर्च अगदी खरा असतो, पण कागदावर शून्य ठरतो.

हे सारे झाले हिशेबाच्या वह्या ठेवणाऱ्यांसाठी. लहान धंद्याला दुसरी वाट आहे, ती म्हणजे कलम ४४एडीची अनुमानित करआकारणी. खर्चाच्या पावत्या दाखवायच्या नाहीत, विक्रीचा एक ठरावीक हिस्सा नफा समजून त्यावर कर भरायचा. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के. उलाढालीची मर्यादा दोन कोटी, आणि रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटी. वर्षाला अठरा लाखांचा फराळ विकणाऱ्या कोणाचे पंधरा लाख यूपीआयने आणि तीन लाख रोख आले असतील, तर कायद्याने धरलेला किमान नफा ९०,००० अधिक २४,००० म्हणजे १,१४,००० रुपये होतो. आगाऊ कराचे चार हप्तेही नाहीत. १५ मार्चपर्यंत एकदाच भरला की झाले.

पण एका वेळी एकच वाट धरता येते. ६ किंवा ८ टक्क्यांत भाडे, वीज, घसारा असे सगळे खर्च आधीच वजा झालेले मानतात. वर पुन्हा खोलीचे ४८,००० मागता येत नाहीत. शिवाय एकदा ही वाट धरून पुढच्या पाच वर्षांत मध्येच सोडली, तर नंतर पाच वर्षे तिकडे परत फिरता येत नाही. आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल, तर त्या काळात वह्या ठेवून लेखापरीक्षणही करून घ्यावे लागते. कमिशन एजंट आणि दलालांना तर ही वाट मुळातच बंद आहे. विम्याची पॉलिसी किंवा फ्लॅट विकून देणारे घरबसल्या एजंट नेमके इथेच चुकतात.

वकील, डॉक्टर, वास्तुविशारद, सजावटकार, सनदी लेखापाल, माहिती तंत्रज्ञानातले सल्लागार अशा ठरावीक व्यावसायिकांसाठी कलम ४४एडीए आहे. तिथे एकूण फीच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते. मर्यादा पन्नास लाखांची, रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर पंचाहत्तर लाखांची. घरून काम करणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअर सल्लागाराला वर्षाला तीस लाख मिळाले, तर करपात्र उत्पन्न पंधरा लाख धरले जाते. नव्या करप्रणालीत २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या दरांनी त्यावरचा कर उपकरासह १,०९,२०० रुपये होतो. त्याचा खरा खर्च चारच लाख असता आणि त्याने वह्या ठेवून सव्वीस लाख नफा दाखवला असता, तर हाच कर ३,७४,४०० रुपये झाला असता. या दोन आकड्यांतली तफावत पाहिली, की घरून काम करणारा सल्लागार वर्ग सहसा वह्यांच्या नादी का लागत नाही ते कळते. तरी ‘निम्मी’ ही किमान रक्कम आहे, कमाल नव्हे. त्याहून जास्त उत्पन्न मिळाल्याचे करदाता स्वतःच म्हणत असेल, तर तेच धरायचे, असे कलमातच लिहिले आहे.

मात्र फराळवाल्या बाईंचे गणित २०२५ च्या अर्थसंकल्पाने पार उलटे करून टाकले. नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर ६०,००० रुपयांपर्यंतची सूट मिळून कर शून्य होतो. बारा लाख हा आकडा विक्रीचा नसून खर्च जाऊन उरलेल्या नफ्याचा आहे, हे इथे महत्त्वाचे. अठरा लाखांच्या फराळात खरा नफा पाच लाख असला, तरी कर शून्य. खोलीचे ४८,००० वजा केले तरी शून्य, नाही केले तरी शून्य. घरातून चालणाऱ्या बहुतेक धंद्यांचा नफा बारा लाखांच्या बराच खाली असतो, त्यामुळे एकेकाळी महत्त्वाच्या वाटणाऱ्या कितीतरी वजावटींना त्यांच्यापुरता अर्थच उरलेला नाही. तरीही १,१४,००० रुपयांचा किमान आकडा दाखवून मोकळे होण्याची सवय काही जात नाही.

खरा तोटा या सवयीनेच होतो. पाच लाख कमावून सव्वा लाख दाखवणाऱ्या बाई पुढे मोठ्या ओव्हनसाठी किंवा गाळ्यासाठी कर्ज मागायला गेल्या, की बँक आधी विवरणपत्रे मागते, आणि सव्वा लाखाच्या उत्पन्नावर मोठे कर्ज उभे राहत नाही. मुद्रा योजनेची मर्यादा आता वीस लाखांपर्यंत गेली आहे. आधीचे ‘तरुण’ गटातले कर्ज नीट फेडलेल्यांसाठी ती आहे. पण कागदावर उत्पन्नच नसेल, तर वाढवलेल्या मर्यादेचा उपयोग काय? दाखवलेल्या उत्पन्नाशी न जुळणारे सोने किंवा मुदत ठेवी पुढे दिसल्या, की त्याचे स्पष्टीकरण देत बसावे लागते ते वेगळेच. पाच लाखांवर एक रुपयाही कर नसताना नफा लपवण्यात कसला शहाणपणा? कर शून्य असला, तरी नव्या प्रणालीत उत्पन्न चार लाखांवर गेले की विवरणपत्र भरणे सक्तीचे आहे. आणि धंदेवाइकाला नव्या-जुन्या प्रणालीत दरवर्षी उडी मारता येत नाही. पगारदाराला ती मुभा आहे. धंद्याचे उत्पन्न असणाऱ्याने १०-आयईए हा फॉर्म भरून जुन्या प्रणालीत जायचे ठरवले, तर त्याला नव्या प्रणालीत परतण्याची संधी एकदाच मिळते.

नवराबायकोच्या पैशांची सरमिसळ हा घरच्या धंद्यातला सर्वांत किचकट भाग. नवऱ्याने बायकोला दोन लाख भेट दिले आणि तिने ते धंद्यात घातले, तर वर्षाच्या पहिल्या दिवशी एकूण भांडवलात त्या भेटीचा जेवढा हिस्सा असेल, तेवढ्या हिश्शाचा नफा नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवला जातो. बायकोचा घाम, बायकोची पाककृती, गिऱ्हाइके तिची, आणि कर नवऱ्याच्या दराने! यावर उपाय साधा आहे. भेट न देता रीतसर कर्ज द्यावे, त्यावर व्याज ठरवावे आणि ते बँकेतून चुकते करावे. तिने स्वतःच्या बचतीतून किंवा माहेरून मिळालेल्या पैशातून भांडवल घातले, तर नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवण्याचा प्रश्नच येत नाही. उलट बाजूने, नवऱ्याने आपल्या धंद्यात बायकोला पगार दाखवला, तर तिच्याकडे त्या कामाची तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असून पगार त्या कौशल्याचाच असल्याशिवाय तो पगारही त्याच्याच उत्पन्नात मोजतात. चारचौघांत सल्ला म्हणून फिरणाऱ्या ‘बायकोच्या नावाने थोडा पगार टाक’ या युक्तीला कायद्याने असा पूर्वीच पायबंद घातला आहे.

जीएसटीची तऱ्हा आणखी वेगळी. महाराष्ट्रात मालाची वार्षिक विक्री चाळीस लाखांपर्यंत आणि सेवांची वीस लाखांपर्यंत असेल, तर नोंदणी लागत नाही. पण मालाने राज्याची सीमा ओलांडली, की ही मर्यादा गळून पडते. पुण्याच्या घरातून बेळगावच्या गिऱ्हाइकाला चकलीचा एक डबा विकला, तर कायद्याच्या दृष्टीने ती आंतरराज्य विक्री, आणि नोंदणी पहिल्या डब्यापासून. मग तो डबा मराठी घरातून मराठी घरात गेला तरी. सांगलीच्या भाषांतरकाराला मात्र बंगळुरूच्या कंपनीचे काम वीस लाखांपर्यंत बिनदिक्कत घेता येते. सेवांना २०१७ पासून ही सवलत आहे. अधिसूचनेत नाव असलेल्या हस्तकलेच्या वस्तूंनाही आंतरराज्य विक्रीत सूट आहे. चकलीसारख्या नमकीनवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे. त्याआधी पाकीटबंद मालावर तो १२ टक्के होता.

पापड या सगळ्यातून सुटला आहे. त्याचे नाव आणि आकार काहीही असो, त्यावर जीएसटी शून्य, आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची सक्तीच नाही. म्हणजे तोच पुण्याचा माणूस बेळगावला चकलीऐवजी पापड पाठवील, तर त्याला नोंदणीची गरज नाही. घरात लाटल्या जाणाऱ्या पापडाचे सर्वांत मोठे उदाहरण मुंबईचेच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. पीठ केंद्रावर मळले जाते, लाटण्याचे काम बायका घरी नेतात आणि वजनावर लाटणावळ घेतात. त्या बायकांच्या घरी येते ते मजुरीचे उत्पन्न. बारा लाखांच्या सवलतीपुढे ते इतके लहान असते, की तिथे प्राप्तिकराचा विचारच उद्भवत नाही.

राज्याचा एक कर मात्र कितीही लहान धंद्याला चुकत नाही. स्वतःचा धंदा किंवा पेशा करणाऱ्याने व्यवसाय करासाठी नावनोंदणी करून वर्षाला २,५०० रुपये भरायचे असतात. पासष्टीच्या पुढच्यांना सूट आहे. हा आकडा १९८८ च्या घटनादुरुस्तीने ठरवलेल्या कमाल मर्यादेइतकाच आहे आणि तो तिथेच थांबला आहे. बहुतेकांना त्याची आठवण होते ती थकबाकीची नोटीस आल्यावर. वह्या ठेवणाऱ्यांना निदान ही रक्कम खर्चात टाकता येते.

वीजबिलाचा एक जुना नियम फार थोड्यांना ठाऊक आहे. घरातून धंदा म्हटला, की व्यापारी दराचे बिल येईल, ही धास्ती मोठी असते. पण महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या महावितरणसाठीच्या दर आदेशांत घराच्या एका भागात धंदा करणाऱ्यांना घरगुती दरच लावण्याची तरतूद आहे. अट एवढीच, की वापर महिन्याला ३०० आणि आधीच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटांच्या आत असावा. शिकवणी, शिलाई, भाषांतर यांना हे सहज जमते. दोन ओव्हन आणि डीप फ्रीझर चालवणाऱ्यांना मात्र नाही.

उद्यम नोंदणीला लोक फारसे गंभीरपणे घेत नाहीत. १ जुलै २०२० पासून ती सरकारी संकेतस्थळावर आधारच्या मदतीने फुकट होते. पैसे घेऊन करून देणारे पुष्कळ आहेत, ते सोडा. तिचा खरा उपयोग उधारी वसूल करताना होतो. लहान उत्पादकाचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. २०२३-२४ या वर्षापासून प्राप्तिकर कायद्यानेही त्याला धार आणली : मुदत टळली, तर खरेदीदाराला त्या खरेदीची वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळते, आधी नाही. त्यामुळे घरी ब्लाउज शिवून बुटीकला पुरवणारीचे बिल मार्चअखेरीस निघते, नाहीतर बुटीकचा लेखापालच अस्वस्थ होतो. फक्त घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्यांना हा लाभ नाही, ज्यांनी काही बनवले किंवा सेवा दिली त्यांनाच आहे.

नोकरी सांभाळून घरून काही करणाऱ्यांचा एक हिशेब नेहमी चुकतो. पहिल्या दोन वर्षांत धंद्यात तोटा झाला, की तो पगारातून वजा होईल आणि कापलेला टीडीएस परत मिळेल, असे त्यांना वाटते. पण धंद्याचा तोटा पगारातून वजा होत नाही. घरभाडे किंवा बँकेचे व्याज अशा दुसऱ्या उत्पन्नातून तो त्याच वर्षी वजा करता येतो. त्यातूनही उरला, तर पुढची आठ वर्षे धंद्याच्या नफ्याशी जुळवता येतो, आणि त्यासाठीही विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते. तसेच पगारातल्या घरभाडे भत्त्यावर सूट घेतलेल्या भाड्याचाच हिस्सा पुन्हा धंद्याच्या खर्चात दाखवता येत नाही.

राहिला घराच्या इमारतीवरचा घसारा. राहत्या इमारतीवर त्याचा दर ५ टक्के आहे, आणि स्वतःच्या घराच्या धंद्यातल्या भागावर तो मागता येतो. तो घेण्याचा मोह टाळणेच बहुतेकांच्या हिताचे. ज्या भागावर घसारा घेतला, तो पुढे विकताना होणारा नफा कलम ५० खाली अल्पकालीन धरला जातो, मग ते घर वीस वर्षे आपल्याकडे असो वा तीस. राहते घर विकून दुसरे घेताना भांडवली नफ्यावर मिळणारी सूटही त्या भागापुरती वादात सापडू शकते. मुंबई-पुण्यात घरांच्या किमती ज्या गतीने वाढल्या, ते पाहता वर्षाकाठी वाचणारे चार-पाच हजार रुपये विक्रीच्या दिवशी लाखांत वसूल होतात. भाडे, वीज, दुरुस्ती, कर यांची वजावट घेतल्याने ही अडचण येत नाही, कारण त्यांमुळे घराच्या मूळ किमतीला हात लागत नाही.